तेल संपत नाही, ते कुठंतरी जातं



अमेरिकेत आठ-दहा वर्षं काढली की आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात मोटारहोमचा किडा वळवळायला लागतो. मुलांची सुट्टी, भारतातून आलेले आई-बाबा, मोटेलच्या नाश्त्याचा कंटाळा, आणि "स्वयंपाकघर बरोबर असलं तर निदान वरणभात तरी पोटात जाईल" हा विचार. बहुतेक जण भाड्याच्या गाडीवर हौस भागवतात. डॅलसच्या आम्ही तीन मराठी कुटुंबांनी मात्र २०२२ मध्ये वर्गणी काढून एक जुनी क्लास-ए गाडी विकतच घेतली. गाडीबरोबर काय काय येतं हे सांगायला बसलो तर चार लेख होतील. आज फक्त एकाच गोष्टीबद्दल लिहितो: गाडी सपाट उभी करणारे हायड्रॉलिक जॅक आणि त्यांचं तेल.

आधी हे जॅक कशासाठी, ते सांगतो. कँपग्राउंडची जागा क्वचितच सपाट असते. गाडी तिरकी राहिली की पलंगावरून माणूस घरंगळतो, कढईतलं तेल एका बाजूला जातं, दारं आपोआप उघडतात. हा झाला गैरसोयीचा भाग. पण गाडीत जुन्या पद्धतीचा, गॅसवर चालणारा ॲब्सॉर्प्शन फ्रिज असेल तर प्रकरण गंभीर होतं. त्यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण उष्णतेवर आणि गुरुत्वाकर्षणावर फिरत असतं. गाडी फार वेळ तिरकी राहिली तर ते अभिसरण अडतं आणि कूलिंग युनिट कायमचं निकामी होऊ शकतं. नव्या कॉम्प्रेसरवाल्या फ्रिजना ही अडचण नाही. भाड्याच्या छोट्या गाड्यांत बहुधा चाकाखाली प्लास्टिकचे ठोकळे सारून काम भागवतात, मोठ्या गाड्यांत हायड्रॉलिक जॅक असतात.

यामागचं शास्त्र आपण सगळे शाळेत शिकलोय: पास्कलचा नियम. एक इलेक्ट्रिक पंप टाकीतलं तेल दाबानं सिलिंडरमध्ये ढकलतो. दोन इंच व्यासाचा पिस्टन आणि ३००० पीएसआय दाब धरला तर एक जॅक साधारण ९४०० पौंड, म्हणजे सव्वाचार टन रेटू शकतो. आमची गाडी जास्तीत जास्त २२,००० पौंडांची, म्हणजे सुमारे दहा टनांची. चार जॅक तिला सहज उचलतात, आणि तेही बटण दाबून. म्हणूनच आत काय चाललंय याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. कारच्या इंजिनाचं ऑइल थोडंफार जळतं, त्यामुळं "लेव्हल खाली गेली, भरून टाक" ही सवय आपल्या हाताला लागलेली असते. जॅकच्या तेलाला ती लावू नका. ही बंद यंत्रणा आहे. इथं तेल जळत नाही, खर्च होत नाही, झिजत नाही. टाकीतून सिलिंडरमध्ये जातं आणि सिलिंडरमधून टाकीत परत येतं, बस्स. ते खरोखर कमी झालं असेल तर कुठंतरी बाहेर गेलंय, आणि ते कुठं हे शोधेपर्यंत काम पूर्ण झालं असं म्हणता येत नाही.

पण "खरोखर कमी झालंय का" हे ठरवायचं कसं? इथं बरेच जण फसतात. लेव्हल बघायची ती सगळे जॅक पूर्ण वर घेतलेले असतानाच. जॅक खाली असतील तेव्हा बरंच तेल सिलिंडरमध्ये असतं, त्यामुळं टाकी रिकामी दिसणारच. त्या अवस्थेत कुणी तोंडापर्यंत तेल भरलं आणि मग जॅक वर घेतले तर परत येणाऱ्या तेलाला जागाच उरत नाही. ते झाकणातून उसळून कप्पाभर पसरतं. गाडीच्या सरकत्या खोल्याही त्याच पंपावर चालत असतील तर त्या आत ठेवायच्या की बाहेर, हे मॅन्युअलमध्ये बघून तसंच करा. आपल्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर डेटाबेसचा बॅलन्स अर्ध्या ट्रान्झॅक्शनमध्ये मोजू नये, तसंच हे.

प्रत्यक्ष कृती अशी:

१. गाडी सपाट, टणक जागेवर उभी करा. पार्किंग ब्रेक लावा, चाकांना ओट लावा, जॅक पूर्ण वर घ्या.

२. पंप आणि टाकी शोधा. काही गाड्यांत पुढच्या कप्प्यात असतात, काहींत बाजूच्या सामानाच्या कप्प्यात. गाडीखाली जायची गरज सहसा पडत नाही.

३. झाकण उघडण्याआधी भोवतालची धूळ फडक्यानं नीट पुसा. आतले व्हॉल्व्ह फार नाजूक असतात. वाळूचा एक कण अडकला तरी जॅक वर येताना अडून बसतो.

४. डिपस्टिक असेल तर उत्तम. नसेल तर स्वच्छ प्लास्टिकची पट्टी चालते. तेल काठापासून किती खाली हवं ते कंपनीवर अवलंबून आहे. कुणी पाव इंच सांगतं, कुणी एक इंच. आपल्या गाडीचं मॅन्युअल प्रमाण.

५. तेलाचा रंग बघा. लाल आणि पारदर्शक असेल तर ठीक. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. काळपट असून जळका वास येत असेल तर तेल बदलायची वेळ झाली आहे.

६. भरायचं असेल तर लांब नळीच्या स्वच्छ नरसाळ्यानं थोडं थोडं भरा. मग जॅक तीन-चार वेळा खाली-वर करा म्हणजे अडकलेली हवा निघेल. पुढची जोडी एकत्र, मागची जोडी एकत्र. एकच कोपरा उचलला तर चॅसीला पीळ बसतो आणि पुढची मोठी काच तडकू शकते. मागची चाकं जमिनीवरून उचलायची नाहीत, कारण पार्किंग ब्रेक मागच्याच चाकांवर असतो. बुडबुडे बसले की जॅक पूर्ण वर घेऊन लेव्हल पुन्हा बघा.

तेल कोणतं? बहुतेक गाड्यांना ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल, म्हणजे एटीएफ चालतं. जुन्या मॅन्युअलमध्ये "डेक्सरॉन ३" लिहिलेलं असतं. जनरल मोटर्सनं त्याचे परवाने २००६ नंतर पुढं चालू ठेवले नाहीत, त्यामुळं आज दुकानात त्याच्या जोडीचं तेल शोधावं लागतं. बाटलीच्या मागचा बारीक मजकूर वाचून घ्या. ब्रेक फ्लुइड मात्र चुकूनही घालू नका. ते ग्लायकॉलवर आधारलेलं असतं आणि खनिज तेलासाठी बनवलेले रबरी सील त्यानं फुगतात, मऊ पडतात. गॅरेजमधल्या छोट्या बॉटल-जॅकसाठी "जॅक ऑइल" म्हणून मिळणारं तेलही मॅन्युअलमध्ये तसं लिहिलं असेल तरच घाला.

आता गळतीकडे वळू. आमच्या गाडीबरोबर आधीच्या मालकाची एक वही आली होती. फार व्यवस्थित माणूस. टायर कधी बदलले, बॅटरी कधी घेतली, सगळं तारीखवार. त्यात दोन वर्षांत चार नोंदी अशा होत्या: जॅकमध्ये एक क्वार्ट तेल घातलं. एक क्वार्ट म्हणजे सुमारे साडेनऊशे मिली. म्हणजे दोन वर्षांत जवळजवळ पावणेचार लिटर. माझे बाबा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. तेव्हा ते इथं आले होते. त्यांनी चष्मा लावून वही वाचली आणि म्हणाले, "अरे, हा माणूस तेल भरत होता, गाडी दुरुस्त करत नव्हता."

मी म्हटलं, "बाबा, पण ड्राइव्हवेवर तर एक थेंब दिसत नाही."

"दिसेल कसा? इथं जॅक वर असतात, दाबच नसतो. जिथं जॅक लावता तिथं बघ."

बरोबरच होतं. कँपग्राउंडवर खडी असते, तेल तिच्यात मुरून जातं, आणि दुसऱ्या दिवशी आपण पुढच्या गावाला. मग आम्ही ड्राइव्हवेवर चार पुठ्ठे अंथरले, जॅक खाली सोडले आणि चहा घेऊन बसलो. अर्ध्या तासात डावीकडच्या मागच्या पुठ्ठ्यावर तीन लाल ठिपके. एटीएफला लाल रंग देतात तो अशा वेळी कामाला येतो. बाजूनं टॉर्च मारला तर होजच्या जोडाशी ओल स्पष्ट दिसली. दोन तासांची मजुरी आणि एक होज, एवढ्यात काम झालं. त्यानंतर लेव्हलची खूण हललेली नाही.

वाक्य साधं आहे, पण विषय साधा नाही. तेल फार खाली गेलं की पंप हवा ओढायला लागतो, जॅक झटके देत चालतात, आणि कधीतरी निघायच्या सकाळी एखादा वरच येत नाही. जॅक खाली असताना गाडी हलवता येत नाही. आत औषधांच्या वेळा सांभाळणारे आई-बाबा असतील आणि जवळचं गाव पन्नास मैलांवर असेल, तर ही गंमत राहत नाही.

प्रत्येक वेळी गाडी खाली बसली म्हणजे गळतीच, असंही नाही. वेस्ट टेक्सासमधल्या डेव्हिस माउंटन्ससारख्या ठिकाणी दिवसा २७ अंश आणि रात्री ५ अंश असा फरक पडू शकतो. खनिज तेल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के आकसतं. म्हणजे सिलिंडरमधल्या ३० सेंटिमीटर तेलाच्या स्तंभात चार-साडेचार मिलिमीटरचा फरक. सकाळी गाडी किंचित कलली तर घाबरू नका. पण तापमान स्थिर असूनही गाडी बसत असेल आणि जॅक वर घेतल्यावर टाकीची लेव्हल मात्र जशीच्या तशी असेल, तर तेल बाहेर जात नसून आतल्या आत, नीट न बसणाऱ्या व्हॉल्व्हमधून टाकीत परत येतंय. त्यावर तेल भरून काहीच उपयोग नाही. व्हॉल्व्ह दुरुस्त करायला हवा.

शेवटी दोन गोष्टी, आणि या दोन्हींत तडजोड नाही.

पहिली: गळती बोटानं चाचपू नका. हजारो पीएसआय दाबाखालच्या होजला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तर तेलाची धार कातडीच्या आत घुसते. वरून नुसती टोचल्यासारखी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, पण काही तासांत बोट किंवा हात गमवायची वेळ येऊ शकते. अशा वेळी "बघू उद्या" न म्हणता सरळ इमर्जन्सी गाठा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरा.

दुसरी: फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालू नका, होज बघायलाही नाही. दहा टन वजन तेलावर तोललेलं असतं, आणि एक सील फाटला की सावरायला वेळ मिळत नाही. पोरं चेंडू काढायला खाली सरकतात, त्यांनाही आधीच ताकीद द्या. बाबांच्या वर्कशॉपमधला नियम असा होता: जॅक उचलतो, धरत नाही. धरायला लोखंडी स्टँड लागतात, आणि तेही वजनाला पुरतील असे.

आणि हो, काढलेलं जुनं तेल गटारात ओतू नका. अनेक ऑटो पार्ट्सची दुकानं ते फुकट घेतात. एक वही मात्र जरूर ठेवा. तारीख, लेव्हल, आणि घातलं असेल तर किती घातलं ते लिहा. फक्त लिहून थांबू नका, मधूनमधून ती वाचाही. एकाच कामाची नोंद दुसऱ्यांदा दिसली की बाटली खाली ठेवायची आणि पुठ्ठे अंथरायचे.

कुणाला गाडी घ्यायची असेल तर जरूर विचारा. चूकभूल द्यावी घ्यावी.