म्युझिक प्लेअर निवडताना : साध्य आधी, साधन मागून

मागच्या व्याख्यानात आपण साध्य आणि साधन यांचा विचार केला. आज तोच विचार एका लहानशा वस्तूला लावून बघू : खिशात मावणारा म्युझिक प्लेअर.

कुणी म्हणेल, फोन असताना वेगळा प्लेअर कशाला? शंका रास्त आहे. 2001 साली ॲपलचा पहिला आयपॉड आला, तेव्हा 5 जीबीत हजारेक गाणी मावतात याचं अप्रूप होतं. 2022 मध्ये ॲपलनं आयपॉड बंद केला. तोवर ते काम फोन करू लागला होता. पण बघा, फोन गाण्याबरोबर निरोप, बातम्या, जाहिरातीही आणतो. विलंबित ख्याल रंगत आलेला, गायक समेकडे निघालेला आणि नेमकी तेव्हाच घंटी वाजते! इथे बिघडतं ते आपलं अवधान. वेगळा प्लेअर घ्यायचा तो मुख्यतः यासाठी.

मग निवडायचा कसा? दुकानात जाण्याआधी स्वतःला विचारावं : आपण ऐकतो काय?

व्याख्यानं, कीर्तनं ऐकणाऱ्याला साधा एमपी3 पुरतो. 128 केबीपीएसला मिनिटाला साधारण 1 एमबी लागते. मात्र जिथे थांबलो तिथूनच पुढे सुरू होण्याची सोय हवी. मैफलीची ध्वनिमुद्रणं ऐकणाऱ्यानं दोन भागांच्या मध्ये खंड पडत नाही ना, हे तपासावं. आलाप मध्येच तुटला तर काय उपयोग?

आता दर्जाचं. एमपी3 म्हणजे काय, तर कानाला सहसा जाणवणार नाही तो भाग गाळून फाइल लहान करायची. फ्लॅकमध्ये काहीच गाळलं जात नाही, पण जागा जास्त लागते. तासाभराच्या गायनाला 320 केबीपीएसच्या एमपी3मध्ये सुमारे 144 एमबी, तर फ्लॅकमध्ये बहुधा 300 एमबीच्या पुढे. या दोहोंतला फरक बहुतेकांच्या कानांना ओळखू येत नाही. तेव्हा तेच पैसे चांगल्या हेडफोनवर खर्च करणं शहाणपणाचं.

वडीलधाऱ्यांसाठी घेत असाल तर मोठी बटणं आणि सोपी रचना पाहा. सारेगामाच्या कारवाँमध्ये गाणी भरूनच येतात. सोय मोठी आहे. पण ती निवड दुसऱ्यानं केलेली आहे, एवढं ध्यानात असू द्या.

शेवटचा मुद्दा मालकीचा. वर्गणी भरून ॲपमध्ये उतरवलेली गाणी वर्गणी थांबली की सहसा वाजत नाहीत. तिथे आपण भाडेकरू असतो. स्वतःची फाइल मात्र या प्लेअरमधून त्या प्लेअरमध्ये नेता येते. म्हणून मेमरी कार्ड बसतं का, संगणकावरून सरळ फाइल टाकता येते का, हे विचारूनच घ्या. आणि एक प्रत घरी वेगळी ठेवा. यंत्र आज ना उद्या बिघडणारच.

हे सगळं ठरलं की किंमत पाहायची. आपण बहुधा उलट करतो, नाही का?