मुक्कामाचा मुलूख

जुन्नरजवळच्या लेण्याद्रीच्या डोंगरात सहाव्या लेण्यावर ब्राह्मी लिपीत कोरलेला एक छोटा दानलेख आहे. हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दिलं, एवढंच तो सांगतो. कल्याण तेव्हा खाडीवरचं भरभराटीचं बंदर होतं आणि जुन्नर सह्याद्रीच्या पलीकडे. किनाऱ्यावरच्या एका घरातला पैसा घाटमाथ्यावरच्या खडकात असा उतरला. जुन्नरच्या आसपास दोनशेहून अधिक लेणी आहेत, आणि त्यांतल्या लेखांमध्ये परमुलखाचे दाते पुन्हा पुन्हा भेटतात. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला, धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दिलं. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम यानेही मानमोडीच्या डोंगरात मंडप आणि टाकं करवलं. देणग्यांची ही यादी वाचली की एक गोष्ट लक्षात येते. पाणी, जेवण, निवारा या सगळ्या थांबणाऱ्या माणसाच्या गरजा आहेत. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांची ओळख थांबणाऱ्यांनी घडवली आहे, आणि म्हणून जो थांबत नाही त्याला हा मुलूख दिसत नाही, असं माझं म्हणणं आहे. किनाऱ्यावरून गाडी घेऊन निघालेल्या जोडप्याने इथे सावकाश फिरावं ते हौस म्हणून नव्हे. इथलं काही समजून घ्यायचं असेल तर दुसरी रीतच नाही.

यावर जाणकार लगेच हरकत घेतील की लेणी भिक्खूंसाठी होती, वाटसरूंसाठी नव्हती. दान संघाला होतं, धर्मशाळेला नव्हतं. हरकत रास्त आहे. पण भिक्खूंचा वर्षावास हाही मुक्कामच. पावसाचे महिने एका जागी राहायचं, घाट निवळले की पुन्हा चालू लागायचं. आणि मठांना जगवणारा व्यापारी ज्या वाटेने येत होता, त्याच वाटेच्या टापूत हे डोंगर कोरले गेले. कल्याणहून मुरबाड, वैशाखरे आणि तिथून नाणेघाट ही ती वाट. इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात सोपारा आणि कल्याण ही बंदरं आहेत, पैठण आणि तेर ही देशावरची शहरंही आहेत. या दोन टोकांमध्ये जुन्नर पडतं. पुढे सतराव्या शतकातही हा रस्ता चालता होता. इंग्रज कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर 1675 साली मुंबईहून कल्याण-मुरबाडमार्गे घाट चढून जुन्नरला आला, तो इथल्या मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून. दीड हजार वर्षांहून अधिक काळ ज्या गावाला किनाऱ्याकडून माणसं येत राहिली, ते गाव ‘दोन तासांत उरकण्याचं ठिकाण’ म्हणून पाहणं हा त्या वाटेच्या इतिहासाशीच विसंगत व्यवहार आहे.

आजचा मोटाररस्ता मात्र त्या वाटेने जात नाही. कोकणातून येणारी गाडी माळशेज घाटाने चढते, मढ-ओतूरमार्गे जुन्नर गाठते आणि मग आपटाळे, घाटघर करत पश्चिमेला उलटी येऊन नाणेघाटाच्या माथ्यावर पोहोचते. पायथ्याच्या वैशाखऱ्याहून माणूस ज्या चढाने दोन-तीन तासांत वर येतो, त्यासाठी गाडीला मोठा वळसा घालावा लागतो. एकट्या प्रवाशाची इथे पंचाईत होते, कारण गाडी खाली ठेवली की घाट चढून पुन्हा उतरणं आलं. दोघं असतील तर कोडं सोपं सुटतं: एकाने गाडी फिरवून आणायची, दुसऱ्याने चालत वर यायचं आणि माथ्यावर भेटायचं. गटाने जाणारे ट्रेकर अशीच सोय करतात. मात्र चालणाऱ्याने इतर ट्रेकरांच्या सोबतीने चढावं आणि पावसात हा उद्योग करू नये. या वाटणीतून एकाच अंतराचे दोन हिशेब हाती येतात. चालणाऱ्याच्या पायाला कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात, लादलेल्या जनावराला हा चढ किती जड गेला असेल हे समजतं, आणि वरच्या टाक्यांतलं पाणी हा शोभेचा भाग राहत नाही. गाडीवाल्याला कळतं की नव्या रस्त्याने जुन्या घाटाला किती दूर सारलं.

माथ्याजवळची गुहा पाहायला दहा मिनिटं पुरतात, असा समज आहे. तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर राणी नागनिकेचा लांबलचक लेख आहे. अश्वमेधासह अनेक यज्ञ आणि त्यांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांचे आकडे त्यात आहेत. भारतीय अंकलेखनाच्या जुन्या पुराव्यांत त्याची गणना होते. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. त्या नष्ट झाल्या, वरची नावं राहिली; त्यांत राणी नागनिका आणि राजा सातकर्णी यांची नावं एकाच ओळीत आहेत. लिपी न येणाऱ्याला हे सगळं ओरखड्यांसारखं दिसणार, मग तास घालवून उपयोग काय, असं कुणी विचारेल. उपयोग आहे, पण तयारी हवी. लेखाचा मराठी अनुवाद आदल्या रात्री जुन्नरच्या मुक्कामी वाचून, दुसऱ्या दिवशी तो हातात धरून भिंतीसमोर उभं राहिलं की आकडे शोधता येतात. एकाने वाचायचं, दुसऱ्याने भिंतीवर जागा हुडकायची, ही दोघांना सोयीची कामाची वाटणी. मग बाहेरचा दगडी रांजण, जो परंपरा जकातीचा म्हणून दाखवते, फोटोची पार्श्वभूमी न राहता प्रश्न बनतो: ज्या घाटाच्या तोंडाशी राजघराण्याने आपल्या दानाचा एवढा हिशेब कोरून ठेवला, त्या घाटातून उत्पन्न किती मोठं येत असेल?

थांबत जाण्याचा दुसरा पुरावा पाऊस देतो. घाटघरकडून निघून जुन्नर, नारायणगाव, आळेफाटा करत बेल्ह्यापर्यंत पूर्वेला जावं. एका दिवसाच्या आतल्या या अंतरात पाऊस झपाट्याने कमी होत जातो आणि प्रत्येक टप्प्यावर त्याची खूण बदलते. पश्चिमेला भातखाचरं, उतारावर नाचणी आणि वरई, उतरत्या छपरांची घरं, महादेव कोळ्यांच्या वाड्या. मग माणिकडोह धरणाचा फुगवटा आणि कुकडीचं खोरं. मध्यावर ऊस, द्राक्षं, टोमॅटो. पूर्वेला बाजरी आणि कांदा. मधल्या पट्ट्यातली हिरवळ आभाळाची नव्हे, कालव्यांची आहे: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी ती आणली. त्याच उसाने बिबट्याला लपायला जागा दिली, आणि माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभं राहिलं. पाऊस, धरण, ऊस, बिबट्या ही साखळी कुठल्याही एका ठिकाणी उभं राहून दिसत नाही. ती रस्त्याच्या लांबीवर पसरलेली आहे, आणि ताशी ऐंशीच्या वेगात तिचे दुवे एकमेकांत मिसळून जातात.

नारायणगावला हा मुद्दा अधिक ठसठशीत होतो, कारण पुणे-नाशिक महामार्ग आता गावाला बगल देऊन जातो. बाह्यवळण चूक नव्हे. टोमॅटोच्या हंगामात क्रेट भरलेल्या गाड्यांना आणि रुग्णवाहिकेला गावच्या चौकात अडकवून ठेवण्यात शहाणपण नाही. पण ज्याला कुठे पोहोचायची घाई नाही त्याने बगल घ्यायचं कारण नाही. गुढीपाडव्याच्या सुमाराला इथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, आपल्या जत्रेची तारीख सांगतात, सुपारी ठरते, इसार दिला जातो. विठाबाई नारायणगावकरांच्या या गावात कलेचा बाजार खुलेआम, कागद-पेन घेऊन चालतो. तमाशा म्हणजे फक्त रात्रीचा मंच असं मानणाऱ्याला इथे दिवसाढवळ्या दिसतं की त्यामागे प्रवासाचं केवढं गणित आहे: कोणत्या तारखेला कोणतं गाव, तिथून दुसऱ्या दिवशीचं गाव किती लांब, तंबू कधी सुटणार. फड हा मुक्कामावर जगणारा धंदा आहे आणि त्याची नोंदवही या गावात उघडते.

जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. यादीत तिचं नाव एका ओळीत मावतं, प्रत्यक्षात ती मावत नाही. 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांपैकी चौदा मध्यवर्ती भागात आहेत, उरलेल्या सोळा तीन फाट्यांवर दूरवर विखुरलेल्या आहेत आणि त्यांचा पसारा सुमारे 25 किलोमीटरचा आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या यंत्राला मीटर तरंगलांबीच्या लहरी टिपण्यासाठी रेडिओ गोंगाटापासून दूर असलेली जागा हवी होती. आत जायला परवानगी लागते. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास दारं सर्वांना उघडतात. पण खरी मौज गावरस्त्यांवर आहे. कांद्याच्या शेतापलीकडे एक तबकडी, काही किलोमीटरवर दुसरी, आणि सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. हे सारं मिळून एकच यंत्र आहे, हे नकाशा मांडीवर घेऊन संथ हिंडणाऱ्याच्याच ध्यानात येतं. याच टापूत आर्वीला 1971 साली देशातलं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झालं, त्याला विक्रम साराभाईंचं नाव आहे. किनाऱ्याच्या मालासाठी सोयीची असलेली ही भूमी आकाशाच्या संदेशांनाही सोयीची ठरली.

थांबावं कुठे याबरोबर कुठे थांबू नये हेही समजावं लागतं, आणि ते आंबेगाव शिकवतं. तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. मंचरहून भीमाशंकरकडे जाणारी बहुतेक वाहनं या जलाशयाच्या कडेने ‘व्ह्यू’ पाहत जातात. सावकाश जाणाऱ्याने निदान एवढं जाणावं की हा देखावा कुणाच्या तरी गावठाणावर उभा आहे. वरच्या पट्ट्यात उन्हाळ्यात अंगणात वाळत घातलेला हिरडा दिसतो. आदिवासी कुटुंबांच्या हातात रोख पैसा येण्याचं ते मोठं साधन. याच पट्ट्यात माळीण आहे. 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर खचला आणि दीडशेच्या वर माणसं गाडली गेली. गाव दिसत नाही हे बाहेरच्या जगाला पहिल्यांदा कळवलं ते रोजच्या फेरीवरच्या एसटी चालकाने. रस्त्यालगतची रोजची खूण ज्याच्या डोळ्यात बसली होती, त्यालाच तिचं नसणं जाणवलं. पाहणं हे सवयीने आणि परतपरतच्या थांब्याने येतं, याला याहून गंभीर दाखला नाही. पण म्हणूनच माळीण हे पर्यटनाचं ठिकाण करता कामा नये. तिथे गाडी उभी करून मोबाइल बाहेर काढणं हे थांबणं नव्हे. मंचरहून येणारा रस्ता संपतो तिथे, भीमाशंकरला, देवळासमोर पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेतली, तिथल्या चर्चमधल्या घंटांपैकी ही एक मानतात. किनाऱ्यावरून घाटावर माल येण्याचा सिलसिला असा देवळाच्या दारापर्यंत पोहोचतो.

आता सर्वांत अवघड हरकत. सावकाश फिरणं ही सवड आणि गाडी असलेल्यांची चैन आहे. दीड दिवसाच्या सुट्टीवाल्याने काय करावं? आणि असे फुरसतीचे पाहुणे वाढले तर गावांवर भार नाही का पडणार? पहिल्याचं उत्तर असं की वेळ कमी असेल तर नावं कमी करावीत, वेग वाढवू नये. दीड दिवसात घाटघर ते जुन्नर एवढा एकच पट्टा घेतला तरी पुष्कळ झालं, आणि तो एसटीनेही होतो. दुसरी हरकत खरी आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी माळशेज आणि नाणेघाटावर जी कोंडी, जो कचरा होतो, त्याने स्थानिक वैतागतात. पण नीट पाहिलं तर हा भार धावत्या गर्दीचा आहे. घरून डबा, दुकानातून बाटली, घाटावर तीन तास आणि परत, अशा सहलीतून गावाला कचरा मिळतो, पैसा मिळत नाही. रात्री राहणारं जोडपं गावात जेवतं, मासवडी-रस्सा मागतं, सकाळी बाजारातून कांदा घेतं, आणि गर्दीचा वार टाळून मंगळवारीही येऊ शकतं. मुक्कामी पाहुण्यांनीही जागा बिघडू शकते हे मान्य. म्हणून ओढ्याकाठी सिमेंटचे रिसॉर्ट उभारण्यापेक्षा आहेत त्या घरांत खोल्या देणं बरं. आणि चैनीची वाटणी घरातही व्हायला हवी. एकाने चाक धरायचं आणि दुसरीने डबे, औषधं, मुलांचे फोन सांभाळायचे, असा प्रवास एकालाच फुरसतीचा होतो. चाक आणि नकाशा आलटून पालटून हातात आले तरच सावकाशी दोघांच्या वाट्याला येते.

2018 साली राज्य सरकारने जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं. फलक लागले, रस्ते रुंद झाले, आणि यश मोजण्याची पट्टी साहजिकच आलेल्या माणसांची संख्या ठरली. ही पट्टी बदलली पाहिजे. ज्या प्रदेशात परमुलखाच्या दात्यांनी टाकी आणि भोजनमंडप दिले, तिथे किती गाड्या आल्या यापेक्षा किती रात्री मुक्काम झाला हा आकडा अधिक खरा आहे. तो वाढवायचा तर घाटघर, खोडद, आहुपे अशा गावांत राहण्याची साधी सोय, नाणेघाटच्या लेखाचा वाचता येईल असा मराठी फलक आणि वारंवार धावणारी एसटी, एवढ्यापासून सुरुवात पुरे. बाकीचं काम प्रवाशाचं आहे: निघण्यापूर्वी यादीतली निम्मी नावं खोडायची.