वर्गणी आणि वायदा

प्रकाशनपूर्व सवलतीत पुस्तकाचे पैसे आगाऊ भरणारा वाचक आपल्या परिचयाचा आहे. इंटरनेटवर व्हिडिओ गेमसाठी मागितली जाणारी लोकवर्गणी मला त्याच जातकुळीची वाटते. अमेरिकेतल्या 'डबल फाइन' कंपनीने २०१२ साली 'किकस्टार्टर' या संकेतस्थळावर ४ लाख डॉलर मागितले. ८७ हजारांहून अधिक लोकांनी ३३ लाखांवर दिले! अडचण इथेच सुरू झाली. वर्गणी मागताना खेळाची गोष्टही ठरलेली नव्हती. पैसे वाढले तसा खेळ वाढला. कवितेत एक कडवे वाढले, तर कागद तेवढा लागतो. खेळात एक प्रसंग वाढला, की चित्रे, आवाज, संगीत, तपासणी असे अनेकांचे पगार वाढतात. २०१३ मध्ये कंपनीने सांगितले, की पैसे पुरणार नाहीत. मग खेळाचे दोन भाग झाले. पहिला विकून दुसऱ्याचा खर्च भागवायचा ठरला. २०१२ च्या ऑक्टोबरचा वायदा असलेला 'ब्रोकन एज' पुरा झाला एप्रिल २०१५ मध्ये.

तो निदान पुरा झाला. काही खेळ होतच नाहीत. असा वर्गणीदार धड गिऱ्हाईक नसतो, धड भागीदारही नसतो. म्हणून पैसे देण्याआधी विचारावे: काम किती तयार आहे? आणि जास्त पैसे आले, तर वायदा तोच राहील ना?