वॉर्म-अप : कोल्ड स्टार्ट नको रे बाबा!

भोसरी-चाकणच्या एखाद्या मशीन शॉपमध्ये सकाळी पहिली शिफ्ट सुरू होताना जाऊन बघा. सीएनसीचा ऑपरेटर आल्या आल्या जॉब लावत नाही. आधी स्पिंडल नुसताच फिरवतो, कमी आरपीएमवर, मग हळूहळू वाढवत. थंड मशीनवरचा पहिला जॉब टॉलरन्समध्ये बसेल याची खात्री नसते ना! इंडस्ट्रियल व्हिजिटला आपण 'हं, थर्मल एक्सपान्शन' म्हणून मान डोलावतो. आणि संध्याकाळी प्रॅक्टिकल संपलं की बॅग गोलपोस्टपाशी फेकून थेट बॉलमागे सुसाट सुटतो.

आता थोडं शास्त्र. हलकं पळायला लागलं की स्नायूंचा रक्तपुरवठा वाढतो, त्यांचं तापमान चढतं. गरम स्नायू जास्त झटपट आकुंचन पावतो, त्याची ताकदही जास्त लागते. म्हणजे पहिल्या दहा मिनिटांतला स्प्रिंट आणि हेडरची उडी दोन्ही सुधारतात. वॉर्म-अप फक्त दुखापत टाळायला नसतो, तो परफॉर्मन्सचाच भाग आहे.

पण आपला वॉर्म-अप कसा? ग्राउंडला दोन आळसावलेले राउंड, मग गोल करून पाय ओढत उभं राहायचं आणि गप्पा. गंमत म्हणजे एकच स्नायू मिनिटभराहून जास्त ताणून धरला, तर त्यानंतर थोडा वेळ स्प्रिंट आणि उडी उलट कमी होते. असलं स्ट्रेचिंग मॅचनंतर करा. आधी हवेत हालचाली : गुडघे वर घेऊन पळणं, लंज, बाजूला सरकणं, दिशा बदलणं.

यासाठी 'फिफा 11+' नावाचा तयार प्रोग्रॅम आहे. वेळ साधारण 20 मिनिटं. आधी 8 मिनिटं हलकं पळणं, मग 10 मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी 2 मिनिटं वेगात पळणं. लागतो फक्त बॉल आणि काही कोन. कोन नसतील तर चपला ठेवा! नॉर्वेत 13 ते 17 वर्षांच्या 1892 मुलींवर याचा अभ्यास झाला, तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. हा प्रोग्रॅम करणाऱ्या क्लबांत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी होत्या. स्पीड किती वाढतो यावर वेगवेगळ्या अभ्यासांचे निकाल सारखे नाहीत. पण एक नक्की, जे नियमित करतात त्यांनाच फायदा. फायनलच्या दिवशी एकदा करून काही होत नाही.

2014 ते 2019 या काळात एफसी पुणे सिटी बालेवाडीला आयएसएलच्या मॅचेस खेळायची. शाळेत असताना मीही गेलोय. लवकर पोचलं की किक-ऑफच्या आधी दोन्ही टीम घाम गाळताना दिसायच्या. पब्लिक मात्र तेव्हा वडापावच्या लाइनीत!

'उजेड तासभरच असतो, त्यातली 20 मिनिटं यात घालवायची?' हा हॉस्टेलचा नेहमीचा प्रश्न. बरोबर आहे. पण हॅमस्ट्रिंग गेला की काही आठवडे बाहेर, आणि गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तर जवळजवळ वर्ष. जिना चढून एक्झाम हॉल गाठायचा तो वेगळाच. तेव्हा कॅप्टन लोकहो, टीम पाडण्याआधी सगळ्यांना लाइनीत उभं करा. उशिरा येणाऱ्याने बाहेर वॉर्म-अप पूर्ण करूनच आत यायचं, मग तो कितीही भारी स्ट्रायकर असो.