बेडकाचा आहार आणि भातखाचर

मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसाबरोबर खाचरात बेडूक ओरडू लागतात. पिवळाधमक, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवणारा मोठा बैलबेडूक या दिवसांत सहज सापडतो. मुले हौसेने एखादा बेडूक बरणीत ठेवतात आणि त्याला भाताची शिते घालतात. बेडूक त्याला तोंड लावत नाही, कारण भक्ष्य तो मुख्यतः हालचालीवरून ओळखतो. चिकट जिभेने ते पकडायचे आणि न चावता गिळायचे, ही त्याची रीत. जे हलते आणि तोंडात मावते ते त्याचे अन्न.

परदेशांत हौसेने बेडूक पाळणाऱ्यांना एक गोष्ट अनुभवाने कळली आहे. बेडकाला सतत फक्त रातकिडेच घातले तर त्याची हाडे मऊ पडतात. रातकिड्यांत स्फुरद भरपूर, पण कॅल्शियम फार कमी असते. अ जीवनसत्त्व कमी पडल्यास जीभ नीट काम करीत नाही आणि समोरचा किडाही पकडता येत नाही. म्हणून ते गांडुळे, पतंग, झुरळे आलटून पालटून देतात, किड्यांना आधी गाजर व हिरवा पाला खाऊ घालतात, वर कॅल्शियमची भुकटी लावतात. पाळीव बेडकासाठी एवढा खटाटोप करावा लागतो. आपल्या बांधावर हे वैविध्य फुकट मिळते, बांध जिवंत असेल तर.

खाचरात बेडूक नाकतोडे, भुंगेरे, उघड्यावरच्या अळ्या आणि खोडकिडीचे पतंग खातो. खोडात शिरलेली अळी मात्र त्याच्या आवाक्याबाहेर असते. बैलबेडूक याहून खादाड आहे. गोगलगाई, उंदराची पिल्ले, इतकेच काय लहान बेडूकही तो सोडत नाही. बांध पोखरून पाणी घालवणारे लहान खेकडेही त्याच्या आहारात येतात. कोकणातील शेतकऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको! तपकिरी तुडतुडा जेमतेम ३ ते ४ मिलिमीटरचा. अशा बारीक किडीसाठी बोटाच्या पेराएवढे लहान बेडूकच अधिक उपयोगी. म्हणून खाचरात एकाच नव्हे, तर लहानमोठ्या अनेक जातींचे बेडूक हवेत.

बेडकाला मित्रकीटक आणि शत्रुकीटक असा भेद कळत नाही. कोळी आणि गांडुळेही तो गिळतो. तेव्हा बेडूक आहेत म्हणून किडीकडे पाहायलाच नको, असे कोणी सांगितल्यास ते खरे मानू नये. चुडांची पाहणी चुकवू नये.

बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, कातडीतून शोषतो. त्याच वाटेने पाण्यातील कीटकनाशकही त्याच्या अंगात जाते. बैलबेडकाच्या डिंभांना बेडूक होण्यास साधारण महिना ते दीड महिना लागतो. या काळात ‘खबरदारी म्हणून’ दाणेदार औषध टाकल्यास खाचरातील डिंभ मरतात आणि पुढे तुडतुडे वाढतात तेव्हा त्यांना खाणारे कोणी उरत नाही. कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर पोचल्याशिवाय औषध वापरू नये. वापरावे लागल्यास त्या खाचराचे पाणी डिंभ असलेल्या चरात किंवा डबक्यात सोडू नये.

बैलबेडकाला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. त्याला खाण्यासाठी मारता येत नाही, तसेच घरी पाळताही येत नाही. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली. तरीही कोकण-गोव्यात पावसाळ्यात रात्री विजेरी घेऊन त्यांची शिकार चालते. धरले जातात ते प्रजननासाठी बाहेर पडलेले मोठे बेडूक, म्हणजे पुढच्या पिढीचे आईबापच. आपल्या शेतात असे कोणी फिरताना दिसल्यास वन विभागास कळवावे.

बांधावरील गवत एकाच दिवशी सगळे कापू नये. एक बाजू कापल्यावर दुसरी आठ-दहा दिवसांनी कापावी, म्हणजे बेडकांना दिवसा ओलावा आणि आडोसा मिळतो. खाचराच्या कडेला शक्य असेल तेथे हातभर खोल चर ठेवावा. पावसाची उघडीप पडली तरी त्यात पाणी टिकते.