सैल हँडब्रेक

रत्नागिरीकराला चढउताराची ओळख करून द्यायला नको. भगवतीच्या किल्ल्यावर जा, नाहीतर साखरप्याहून आंबा घाट चढा. घराकडे येणारी वाटसुद्धा बहुधा उताराचीच. अशा मुलखात जुनी जीप, सुमो किंवा बोलेरो बाळगणाऱ्याने हँडब्रेककडे दुर्लक्ष करू नये. पण ते मी स्वतः केले आहे. एकदा वैशाखात बागेच्या उतारावर गाडी उभी करून आम्ही आंब्याच्या पेट्या चढवीत होतो. हँडब्रेक ओढलेला होता. पेट्या वाढत गेल्या आणि गाडी हळूच मागं सरकली. मागं गडी उभा होता. चाक गडग्याच्या चिऱ्याला अडलं, म्हणून निभावलं.

त्याआधी महिन्याभरात मी दोनदा केबल आवळली होती. चूक तिथंच होती.

ती कशी, ते पाहू. सुमो, बोलेरोसारख्या गाड्यांत हँडब्रेकचा दांडा ओढला, की केबल मागच्या दोन्ही चाकांकडे ताण नेते. तिथे ड्रमच्या आत एक छोटी तरफ असते. ती ब्रेकशू बाहेर ढकलते आणि शूवरचे लायनर ड्रमला घट्ट बसतात. लायनर झिजले, की शू आणि ड्रम यांत अंतर पडते. दांडा वर वर येऊ लागतो, कट्‌कट् आवाज वाढत जातात. आपण म्हणतो, केबल सैल झाली. वास्तविक अंतर पडलेलं असतं ड्रमच्या आत! ते तसंच ठेवून केबल ताणली, तर आतली तरफ कायमची अर्धवट ओढलेली राहते, आपोआप अंतर भरून काढणारी योजना असली तर तीही बिघडते, आणि चाक घासून ड्रम तापतो. म्हणून आधी शू, मग केबल.

काम सपाट जागेवर करावे. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर लावावी, मागची चाके जॅकने उचलून आसाखाली लोखंडी घोड्या द्याव्यात. चिरे रचून त्यांवर गाडी टेकवण्याची आपल्याकडे सवय आहे. ती सोडा, जांभा भाराखाली अवचित फुटतो. नुसत्या जॅकच्या भरवशावर तर गाडीखाली हातही घालू नये.

आता हँडब्रेक पूर्ण सोडून ड्रम काढा. आतली पूड फुंकू नका. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसात गेलेलं बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या. लायनर रिवेटापर्यंत झिजले असतील, किंवा तेलाने भिजले असतील, तर ते बदलावेच लागतात. पेट्रोलने धुऊन भागत नाही, आणि तेल कुठून गळते ते आधी शोधावे लागते.

सारे ठीक असेल, तर ड्रम चढवून आतलं दातेरी चाक पेचकसाने फिरवा. मागच्या पत्र्याला त्यासाठी खाच असते. चाक अडेपर्यंत घट्ट करायचं, मग ते मोकळं फिरून जेमतेम घासल्याचा आवाज येईल इतकं मागं घ्यायचं. दोन्हीकडे सारखं. मध्ये पायब्रेक चारदोनदा दाबावा, म्हणजे शू जागी बसतात.

केबलची पाळी त्यानंतर. आमच्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरवर पाऊस पडतो, वर समुद्राची खारी हवा. केबलच्या म्यानात पाणी शिरून गंज धरतो आणि दांडा सोडला तरी केबल मागं येत नाही. अशी केबल तेल पाजूनही अडकत असेल, तर नवीच घालावी. ती मोकळी असेल, तर समायोजनाचा नट आवळून दांडा पुस्तिकेत दिलेल्या आवाजांत धरेल असं करा. दांडा सोडल्यावर दोन्ही चाके हाताने मोकळी फिरलीच पाहिजेत. मग लॉकनट घट्ट करा.

विलीज बनावटीच्या जुन्या जिपांची गोष्ट निराळी. महिंद्रांनी मुंबईत ज्यांची जुळणी सुरू केली, त्या घराण्यातल्या जिपांत हँडब्रेकचा ड्रम चाकात नसून ट्रान्स्फर केसच्या मागे, फिरत्या दांड्यावर असतो. त्याची पकड जबर. पण मागचे एकच चाक जॅकने उचलले, की डिफरन्शियलमुळे ते उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक मोकळं होतं. हँडब्रेक ओढलेला असूनही जीप जॅकवरून निसटते. पंक्चर काढताना हे ध्यानात ठेवा. ट्रान्स्फर केसची काडी न्यूट्रलला असेल, तर गिअरचाही आधार उरत नाही.

दुरुस्ती झाली, की रिकाम्या, सौम्य उतारावर परीक्षा घ्या. तोंड एकदा चढाला, एकदा उताराला. पाय पायब्रेकच्या वरच असू द्या, मागंपुढं कुणी उभं नको. एरवीही गाडी उभी करताना चढाला तोंड असेल तर पहिला गिअर, उताराला असेल तर रिव्हर्स टाकावा. पावसाळ्यात गाडी चार दिवस पडून राहणार असेल, तर मात्र सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना पाचर लावून ठेवा आणि हँडब्रेक सोडून द्या. ओढून ठेवलात, तर शू गंजून ड्रमला चिकटतात, आणि निघायच्या दिवशी चाक हलत नाही.