अपरिचितांसवे खेळताना वाटणारी धास्ती

बदलापूर, अंबरनाथ वा उल्हासनगर येथून मुंबईस जाणाऱ्या लोकलगाडीत पत्त्यांचा डाव मांडणारी मंडळी प्रारंभी परस्परांस अपरिचितच असतात. नित्याच्या सहवासाने चेहरे ओळखीचे होतात आणि चुकीचे पान टाकल्यावर होणारी थट्टाही सुसह्य वाटते. त्याच डब्यात भ्रमणध्वनीवर ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा २०२१ साली आरंभ झालेला खेळ खेळणाऱ्याची स्थिती निराळी असते. चौघांच्या तुकडीतील इतर तिघे अनोळखी, चेहरे अदृश्य, केवळ आवाज ऐकू येणारे. सामना सुरू होण्यापूर्वीच कित्येकांच्या छातीत धडधडू लागते, ते का?

रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ साली मांडलेल्या उपपत्तीनुसार इतरांच्या उपस्थितीने मनाची उत्तेजना वाढते व अंगवळणी पडलेली प्रतिक्रिया बळावते. त्यामुळे पक्के कौशल्य खुलते. अर्धवट शिकलेले मात्र अधिक चुकते. पुढे कॉट्रेल यांनी या उत्तेजनेचे मूळ मूल्यमापनाच्या भयात असल्याचे प्रतिपादिले. नवख्याच्या बाबतीत ही दोन्ही कारणे एकत्र येतात. खेळ टाळल्याने धास्ती तात्पुरती शमते; परंतु सरावही खुंटतो आणि भय तसेच राहते.

अतएव प्रथम एकट्याने सराव करावा, आरंभी ध्वनिसंवाद बंद ठेवावा, आणि शक्यतो त्याच सहकाऱ्यांसह पुनःपुन्हा खेळावे. लोकलच्या डब्यात जो परिचय आपोआप घडतो, तो येथे प्रयत्नाने घडवावा लागतो.